राजाज्ञा आणि सदसद्विवेकबुद्धि
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त किन्हीराजा येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी व्याख्यात्याने मंगल विषय निवडावा असा शिष्टसंप्रदाय आहे. आम्ही आज निवडलेला विषय तितकासा मंगल नाही. परंतु आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांतून कोणी पोलीस खात्यात, कोणी डाकघरात, कोणी दूरध्वनीच्या कामात, कोणी कचेरीत चाकरीस आहे. आणि यांपैकी पुष्कळांना आपल्या कामाविषयी एक प्रश्न पडतो, जो ते चारचौघांत विचारीत नाहीत. तो असा की, सरकारच्या हुकुमावरून दुसऱ्याचे बोलणे ऐकणे, दुसऱ्याच्या दारावर नजर ठेवणे, त्याच्या येण्याजाण्याची नोंद करणे, हे काम ख्रिस्ती मनुष्याने करावे काय? आणि करता करता एखादे दिवशी हुकूम एक सांगतो व अंतःकरण दुसरे सांगते असे झाले, तर त्याने कोणाचे ऐकावे? या प्रश्नाचा विचार आम्ही यथाशक्ति करणार आहो.

प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाळत म्हटली की आपणांस परदेशातील गुप्त पोलीस आठवतात. पण राज्यसत्तेचा कान आपल्या प्रत्येक खेड्यात शतकानुशतके आहे. आपला हा वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. वाशीम हा जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. राज्ये बदलली, जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या. पण गावात काय चालले आहे हे वर कळविणारा मनुष्य कोणत्याही राज्याने काढून टाकला नाही. जुनी वंशपरंपरागत पाटीलकी गेली, आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील आला. गावातील गुन्ह्यांची स्थिति आणि लोकांचे आरोग्य व एकंदर परिस्थिति यांविषयी दंडाधिकाऱ्यास वेळोवेळी माहिती देत राहणे, हे त्याचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे. गुन्हा आणि आरोग्य ही दोन्ही कामे कायद्याने एकाच माणसाच्या हाती दिली आहेत, हे लक्षात घ्या. विहिरीचे पाणी बिघडले, गावात पटकीसारखी साथ आली, कोणी विषारी दारू गाळू लागला, तर ते वेळीच वर कळविणारा कोणी नसता म्हणजे काय अनर्थ झाला असता, हे जुन्या माणसांस सांगावयास नको.

म्हणून ऐकणे हेच मुळी पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात एक लहानसा प्रसंग आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. यार्देन नदीच्या काठी बाप्तिस्मा घेण्यासाठी जकातदार आले, त्यांच्या पाठोपाठ शिपाईही आले, आणि त्यांनी योहानास विचारले की, आम्ही काय करावे? ते कोणाच्या चाकरीत होते ते योहानास ठाऊक होते. तरीही चाकरी सोडा असे त्याने त्यांस सांगितले नाही. जुलमाने पैसे उकळू नका, कोणावर खोटा आरोप आणू नका आणि मिळेल त्या पगारात समाधान माना, एवढेच त्याने सांगितले. पैशाचा लोभ आणि खोटा आरोप या दोन्हींचा निषेध त्याने एका दमात केला हे फार मार्मिक आहे. कारण पाळतीवर असलेल्या माणसाच्या हातून खोटा आरोप घडतो तो बहुधा द्वेषामुळे घडत नसून बढतीच्या आशेने घडतो.

याच्याही आधीचा दाखला हवा असेल तर निर्गम ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात तो आहे. मिसरच्या राजाने शिफ्रा व पुवा या सुइणींस आज्ञा केली की, इब्री स्त्रियांच्या बाळंतपणी तुम्ही नजर ठेवावी आणि मुलगा जन्मला तर त्यास मारावे. घराच्या अगदी आतल्या खोलीत, जेथे राजाचा शिपाई जाऊ शकत नाही, तेथे राजाने या बायकांच्या रूपाने आपला डोळा बसविला होता. त्यांनी सुइणीचे काम सोडले नाही. त्यांनी बाळंतपणे केली आणि मुले जगविली. राजाने जाब विचारला तेव्हा, इब्री बायका धडधाकट, आम्ही पोचण्यापूर्वीच बाळंत होतात, असे उत्तर त्यांनी ठोकून दिले. हे उत्तर खरे की खोटे यावर धर्मपंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. संत ऑगस्टीन यांना असत्याचे इतके वावडे की, देवाने सुइणींस प्रतिफळ दिले ते त्यांच्या दयेबद्दल, खोटेपणाबद्दल नव्हे, असे त्यांनी बजावून ठेवले. सेमिनरीत असताना आम्हांसही हा वाद मोठा रसाळ वाटे. आज इतक्या वर्षांनंतर आमचे लक्ष त्या बाळांकडे अधिक जाते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारच्या पदरी ओरिएंटल ट्रान्स्लेटर या नावाची एक कचेरी होती. मराठी, गुजराती, उर्दू वर्तमानपत्रे वाचून त्यांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास सरकारपुढे ठेवावयाचा, हे तिच्या कामांपैकी एक. तेथील कारकून व साहाय्यक बहुतेक आपल्याच लोकांपैकी होते. कल्पना करा: सकाळी घरी बसून जो मनुष्य 'केसरी' मराठी मनाने वाचतो, तोच दुपारी कचेरीत बसून त्याच अग्रलेखातील एकेका शब्दाला इंग्रजी शब्द शोधतो, आणि त्याला ठाऊक असते की, दोन इंग्रजी शब्दांपैकी एक निवडला तर लेखक सुटेल व दुसरा निवडला तर तो अंदमानला किंवा मंडालेला जाईल. १९०८ सालच्या जुलैत लोकमान्य टिळकांवर मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा हेच झाले. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि सरकारी भाषांतराच्या साक्षीदाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी केली. मूळ मराठी शब्दात जी छटा नाही ती इंग्रजीत घातली आहे, हा त्यांच्या बचावातील एक मोठा मुद्दा होता. ज्यूरीतील सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोषी म्हटले. न्यायमूर्ति दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली, आणि टिळक मंडालेस गेले.

या खटल्याविषयी बोलताना टिळक आणि न्यायमूर्ति यांच्याविषयीच सर्व बोलतात. आमचे मन मात्र त्या भाषांतराच्या टेबलापाशी घोटाळते. शब्दकोश आपल्या हाती आहे आणि कोणाच्या तरी आयुष्याची सहा वर्षे त्या कोशाच्या दोन रकान्यांमध्ये अडकली आहेत, अशा जागी बसलेल्या माणसास सदसद्विवेकबुद्धीची किती गरज असेल!

याच्या उलट बाजूचा प्रसंग आठ वर्षांनी घडला. टिळक सुटून आले, १९१६ च्या एप्रिलात बेळगावी त्यांनी होमरूल लीग स्थापन केली, आणि १ मे रोजी बेळगावास व पुढे ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगरास स्वराज्यावर मराठीत व्याख्याने दिली. सभेत पोलिसांचे लघुलेखक बसले होतेच. जुलैत टिळकांची साठी झाली. मित्रांनी लाख रुपयांची थैली अर्पण केली, आणि सरकारनेही आपल्या परीने आहेर पाठविला तो नोटिशीचा. गुप्त पोलीस खात्याच्या अर्जावरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटाने वर्षभराच्या चांगल्या वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे राहिले. प्रकरण हायकोर्टात गेले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ति बॅचलर व न्यायमूर्ति शहा यांनी खालचा हुकूम रद्द केला. भाषणांतील सुटे वाक्य उचलून भागत नाही, संपूर्ण भाषणाचा ऐकणाऱ्यावर एकंदर काय परिणाम होईल ते पाहिले पाहिजे, ही भूमिका त्या निकालाच्या मुळाशी आहे.

आता असे पाहा की, न्यायाधीशांना संपूर्ण भाषण वाचावयास मिळाले ते कशामुळे? ती भाषणे कागदावर उतरून घेतली गेली होती म्हणून. तिखट वाक्ये तेवढी टिपून घ्यावी आणि मधली समजुतीची, विनोदाची, अर्जविनंतीची वाक्ये गाळावी, असे लघुलेखकास सहज करता येते. त्याबद्दल त्याला कोणी फाशी देत नाही. वरिष्ठ उलट पाठ थोपटतात. पाळतीवरच्या माणसाने जे ऐकले ते सगळे लिहिले, जास्त नाही व कमी नाही, तर त्याच्या लेखणीतून कधी कधी न्यायही बाहेर पडतो. आठवी आज्ञा पाळण्यासाठी प्रत्येक वेळी क्रूसावर चढावे लागत नाही. कित्येकदा कागद पुरा भरावा लागतो, एवढेच.

परंतु खरे लिहिल्याने सर्व सुटते असेही नव्हे. येथे आम्हांस एका कडू गोष्टीकडे वळावे लागते. १८७१ साली या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पारधी, कैकाडी, भामटे, मांगगारुडी अशा कित्येक जमाती त्याखाली जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. मनुष्याने काही केले म्हणून नव्हे, तो अमक्याच्या पोटी आला म्हणून त्याच्यावर पाळत. गाव सोडावयाचे तर पास, रात्री हजेरी, आणि काहींच्या नशिबी तारेच्या कुंपणातील वसाहत. सोलापूरची अशी वसाहत प्रसिद्ध आहे. ती काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली होती. ते मिशन आपल्या पंथाचे नव्हते असे म्हणून आपण सुटू शकत नाही. ख्रिस्ताचे नाव घेणारे लोक त्या कुंपणाच्या आत हजेरी घेत होते. त्यांनी शाळा काढल्या, गिरणीत कामे मिळवून दिली, औषधपाणी केले, हे सर्व खरे. हजेरीच्या वहीत नोंदीही अगदी बरोबर होत्या. पण ज्या वहीत लहान पोर जन्मताच संशयित म्हणून मांडले जाते, ती वही कितीही बिनचूक लिहिली तरी तिच्यातील अन्याय कमी होत नाही. हा कायदा स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. कायदा गेला, तरी चोरी झाली की पहिल्याने पारध्यांच्या बेड्याकडे जाण्याची सवय कोठे कोठे अद्याप उरली आहे, आणि या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांनी खात्यात चाकरी केली त्यांस ती सवय आमच्यापेक्षा चांगली ठाऊक असेल.

रात्री दारावर थाप मारण्याच्या याच रिवाजाविरुद्ध उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाचा एक मनुष्य सुप्रीम कोर्टात गेला. दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटला होता. तरी पोलिसांनी त्याचे नाव पाळतीच्या यादीत घातले, आणि चौकीदार व शिपाई अपरात्री येऊन त्यास हाका मारून उठवू लागले. १९६२ साली न्यायालयाने रात्री घरी जाऊन तपासण्याचा नियम घटनाबाह्य ठरविला, मात्र गुप्त पहाऱ्याचा बाकीचा भाग राहू दिला. न्यायमूर्ति सुब्बाराव यांनी वेगळे मत दिले की, मनुष्याच्या स्वातंत्र्यात त्याच्या खाजगी जीवनाचाही समावेश होतो. ते मत अल्पमतात गेले. पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने तेच मान्य केले. शहाण्या माणसाचे अल्पमत टिपून ठेवण्याची न्यायालयांची पद्धत आम्हांस फार आवडते. धर्मसभांनीही तिचे थोडे अनुकरण करावयास हरकत नाही.

असो. आतापर्यंत आपण ज्यांच्याविषयी बोललो त्यांच्या मनातील झगडा आपण तर्काने ओळखतो. ज्याचा झगडा उघडकीस आला आणि ज्याने त्याची किंमत भरली, असा मनुष्य पाहावयाचा तर समुद्रापलीकडे जावे लागते. आपल्या तरुणांपैकी काहींनी २००६ साली निघालेला एक जर्मन चित्रपट पाहिला असेल. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांतील एक कप्तान माळ्यावर बसून एका नाटककाराचे घर रात्रंदिवस ऐकतो आणि ऐकता ऐकता त्याचाच रक्षक बनतो, अशी ती गोष्ट आहे. चित्रपट उत्तम आहे. परंतु बर्लिनच्या होहेनशोनहाउझेन येथील जुन्या तुरुंगाच्या स्मारकाचे तत्कालीन संचालक हुबेर्टस क्नाबे यांनी तेथे चित्रीकरणास परवानगी नाकारली. कारण असा दयाळू अधिकारी त्या खात्यात कधी झालाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९८९ साली त्या खात्यात सुमारे ९१,००० पगारी नोकर होते, आणि देशाची लोकसंख्या दीड-पावणेदोन कोटींची. खात्यातून फुटू पाहणाऱ्याचे काय होई ते वेर्नर टेस्के या कप्तानाच्या प्रकरणावरून दिसते. गुप्त कागद जवळ बाळगून पश्चिमेकडे पळण्याचा त्याचा बेत होता. तो पळालाही नव्हता. २६ जून १९८१ रोजी लाइपझिग येथे त्यास देहदंड देण्यात आला. तेव्हा क्नाबे महाशयांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. पडद्यावरचे हृदयपरिवर्तन पाहून डोळे पुसणे सोपे असते, आणि घरी जाताना आपल्याला वाटू लागते की प्रत्येक जुलमी कचेरीत एक तरी असा भला मनुष्य असतोच. तसे नसते.

मात्र पोलंडात एक होता. त्याचे नाव आदाम होडिश. तो समुद्रकाठच्या गदान्स्क शहरी सरकारच्या सुरक्षा सेवेत कप्तान होता. कामगारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या विरोधी मंडळ्यांवर पाळत ठेवावयाची, त्यांत आपली माणसे पेरावयाची, हे त्याच्या खात्याचे काम. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या मनुष्याने ज्यांच्यावर पाळत ठेवावयाची त्यांच्याशीच गुप्तपणे संधान बांधले. पैसा घेतला नाही, परदेशात आश्रय मागितला नाही. तो आपल्या खुर्चीवर बसून राहिला, आणि उद्या कोणाच्या घरी झडती येणार, तुमच्यापैकी कोण आमचा आहे, हे त्याने बोग्दान बोरुसेविच व अलेक्सांडर हाल यांच्या मंडळींस कळविले. स्वतंत्र कामगार संघटनेत शिरलेला एडविन मिश्क नावाचा खबऱ्या १९७९ साली उघडा पडला तो याच्या सूचनेवरून. पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९८० रोजी, त्या शहराच्या गोदीत जो संप झाला आणि ज्यातून 'सॉलिडॅरिटी' जन्मली, त्याची तयारी याच लहानशा मंडळीने केली होती. घरातला चोर वेळीच ओळखला गेला नसता तर ती तयारी कोठवर पोचली असती याचा विचार आपणच करावा.

१३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडात लष्करी कायदा पुकारला गेला. होडिश तरीही खुर्चीवर होता. १९८४ साली तो पकडला गेला, त्यास सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९८८ च्या अगदी अखेरीस तो सुटला.

त्याच १९८४ साली, १९ ऑक्टोबरच्या रात्री, त्याच सुरक्षा सेवेच्या तीन अधिकाऱ्यांनी फादर येझी पोपियेवुश्को यांस रस्त्यात अडवून पळवून नेले, मारहाण केली आणि बांधून व्हिस्तुला नदीत टाकले. ते वॉर्सात कामगारांसाठी मिस्सा अर्पण करीत, एवढाच त्यांचा अपराध. या तिघांचा म्होरक्या कप्तान पिओत्रोव्स्की. त्याच्या हाताखाली पेंकाला आणि ख्मिएलेव्स्की हे दोन तरुण लेफ्टनंट होते. फादरांचा गाडीवान ख्रोस्तोव्स्की हातात बेड्या असताना धावत्या मोटारीतून उडी टाकून निसटला, म्हणून ही गोष्ट दडपता आली नाही. तोरुन्य येथे खटला चालून फेब्रुवारी १९८५ मध्ये पिओत्रोव्स्कीस व त्यास चिथावणी देणाऱ्या एका कर्नलास प्रत्येकी २५ वर्षे, पेंकालास १५ आणि ख्मिएलेव्स्कीस १४ वर्षे शिक्षा झाली. त्या दोघा तरुणांना धर्मगुरूंविषयी वैयक्तिक वैर असण्याचे कारण नव्हते. वरिष्ठाने सांगितले, वरची मंजुरी आहे असे भासविले, आणि ते मोटारीत बसले. एकाच खात्याचा पोषाख, एकच वर्ष. आणि होडिश व हे दोघे यांत केवढे अंतर!

तरी आम्ही नीतिशास्त्र शिकलेला मनुष्य असल्यामुळे होडिशविषयीही एक शंका मनात ठेवून बोलले पाहिजे. हा मनुष्य कित्येक वर्षे दुहेरी जगला. रोज सकाळी सहकाऱ्यांशी हसून बोलावयाचे, घेतलेली शपथ बाळगल्याचे दाखवावयाचे आणि संध्याकाळी ती मोडावयाची. असत्य कधीही धर्म्य नसते असे आपली ख्रिस्तसभा शिकविते. मग हे काय? आमचे मत असे की, दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. निरपराध माणसाला फसविण्यासाठी व चिरडण्यासाठी घेतलेली शपथ त्या कृत्यापुरती बांधीत नाही. अन्यायास बांधून घेणारी शपथ नसतेच. आणि ज्याचा तुरुंगात जाण्याशी काही संबंध नाही त्यास सावध करणे हे प्रीतीचे काम आहे. उरतो तो प्रश्न रोजच्या मुखवट्याचा. त्यावर निर्दोष उत्तर आम्हांपाशी नाही, आणि सुइणींच्या प्रकरणात ऑगस्टीन यांच्यापाशीही पुरते नव्हते. राजीनामा देऊन होडिश स्वच्छ राहिला असता. मग मिश्क कोण हे मात्र मंडळीस कोणी सांगितले नसते.

पोलंडचा इतिहास सांगून आपल्याच मंडळीची पाठ थोपटणे आम्हांस शोभणार नाही. त्याच सुरक्षा सेवेत धर्मसभेवर पाळत ठेवण्यासाठी एक स्वतंत्र विभाग होता, आणि त्यास बातम्या देणारे काही झगेवालेही होते. जानेवारी २००७ मध्ये वॉर्साचे नवे आर्चबिशप स्तानिस्वाव व्हिएल्गुस यांचा पदारोहणाचा सोहळा कॅथीड्रलात व्हावयाचा होता. जुन्या दप्तरांतून त्यांचे त्या सेवेशी असलेले संबंध बाहेर आले, आणि त्याच दिवशी, त्याच वेदीपाशी, त्यांनी राजीनामा वाचून दाखविला. म्हणजे पोलिसात एक होडिश निघाला आणि धर्ममंदिरात त्याच्या उलट निघाले. पोषाखावरून काही ठरत नाही.

आता आपल्या देशातील आजच्या कायद्याविषयी थोडे. कारण शंका विचारणाऱ्यास शेवटी ऑफिसात जाऊन बसावयाचे असते. दूरध्वनी ऐकण्याचा अधिकार प्रथम १८८५ च्या तारायंत्र कायद्यातून आला. १८ डिसेंबर १९९६ रोजी सुप्रीम कोर्टाने त्यास मर्यादा घातल्या: आज्ञा गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघावी, ती दोन महिने चालावी, कितीही वाढविली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आणि एका समितीने तिची तपासणी करावी. आता तो जुना कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला, आणि त्याखाली डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम निघाले. लेखी आज्ञा आणि समितीची तपासणी हे त्यांतही आहेच. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या प्रकरणातील दूरध्वनी ऐकण्याच्या तीन आज्ञा रद्द ठरविल्या. सार्वजनिक सुरक्षिततेस किंवा आणीबाणीस धरून त्या नव्हत्या, असे न्यायालयास दिसले, आणि त्या ऐकण्यातून झालेले ध्वनिमुद्रण नष्ट करण्याचा हुकूम झाला. संशय लाचेचा असला तरी कान कायद्याबाहेर लावता येत नाही.

म्हणून आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे की, 'वरून सांगितले आहे' हे तोंडी वाक्य कायद्याच्या दृष्टीनेही पुरेसे नाही. कागद मागणे म्हणजे बंडखोरी नव्हे. कायदाच तो मागावयास सांगतो. साहेब चिडतील, बदली गडचिरोलीला होईल, ही भीति आम्हांस ठाऊक आहे, आणि घरी दोन लेकरे व म्हातारी आई असलेल्या माणसास मंदिरातील उंच जागेवरून शौर्य शिकविणे आम्हांस अवघड वाटते. पूर्व बर्लिनच्या बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या फाटकावर हाराल्ड येगर नावाचा अधिकारी होता. तोही त्याच गुप्त खात्याचा, पंचवीस वर्षांची चाकरी झालेला. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री हजारो लोक फाटकाशी लोटले, त्याने वरिष्ठांस पुन्हा पुन्हा दूरध्वनी केला, आणि स्पष्ट आज्ञा कोणी देईना. अखेर साडेअकराच्या सुमारास त्याने फाटक उघडले. तो काही बंडखोर नव्हता. लोक चेंगरून मरतील आणि आपल्या शिपायांच्या हाती बंदुका आहेत, एवढे त्याने पाहिले. ज्यास होडिश होणे झेपत नाही, त्यास एवढे तरी झेपावे.

ज्यांस असले प्रसंग कधी येणार नाहीत, पण रोजचे ऐकण्याचे काम करावेच लागते, त्यांच्यासाठी एक गोष्ट आमच्या स्वतःच्या धंद्यातून सांगतो. आम्ही धर्मगुरूही ऐकणारेच. पापनिवेदनाच्या जाळीमागे बसून आम्ही जे ऐकतो ते राजास, न्यायाधीशास, बिशपास, कोणासही सांगता येत नाही. प्रागचे संत योहान नेपोमुक यांस राजा वेंझेलच्या आज्ञेने १३९३ साली नदीत बुडविण्यात आले, आणि राणीच्या निवेदनाचे गुपित त्यांनी फोडले नाही अशी परंपरा आहे. पोलिसाचे ऐकणे हे असे मुद्रांकित नाही. त्यास वर सांगावेच लागते. परंतु जे कामाचे नाही ते? दोन माणसांच्या बोलण्यात चोरीचा शब्द एक असतो आणि घरच्या दुःखाचे शब्द शंभर असतात: कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, कोणाला कसला रोग झाला, कोण कोणाकडून उसने मागतो. हे शंभर शब्द सरकारचे नव्हेत आणि ऐकणाऱ्याचेही नव्हेत. ते टिपणात घालू नये, चहाच्या टपरीवर नेऊ नये, आणि गावच्या निवडणुकीत काढू नये.

आणि या कामावर असलेल्यांच्या घरच्या मंडळींस आमची एक विनंती आहे, विशेषतः मातांस व पत्नींस. तो रात्री दमून घरी येतो, पाटावर बसतो, आणि सहज कोणी विचारते की, आज त्या अमक्याच्या घरचे काय कळले? हे विचारू नका. त्याला भाकर वाढा, पोरांचा अभ्यास झाला की नाही ते सांगा, पाऊस कधी येणार त्याविषयी बोला.